सूक्ष्म न्यूट्रॉन-चित्रणासाठी सिंटिलेटर काच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूट्रॉनच्या साहाय्याने वस्तूच्या आतले चित्र काढण्यासाठी कण आदळला की चमकणारी (सिंटिलेटर) काच कशी तयार करतात, तिच्यात नेमके काय घडते आणि चित्र अधिक बारीक करताना गाडी कुठे अडते, याबद्दल भौतिकशास्त्राचे, काचशास्त्राचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बारावीचे भौतिकशास्त्र झालेल्या कोणालाही हे वाचता यावे, असा प्रयत्न आहे.

क्ष-किरण हाताशी असताना न्यूट्रॉनचा खटाटोप कशासाठी?

क्ष-किरणांचा संबंध अणूतल्या इलेक्ट्रॉनांशी येतो. त्यामुळे जड धातू त्यांना अडवतात आणि हायड्रोजनसारखी हलकी मूलद्रव्ये त्यांना जवळपास दिसतच नाहीत. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्याची गाठ थेट अणुकेंद्राशी पडते आणि तिथे जड-हलके हा क्रम चालत नाही. एक सेंटीमीटर जाडीच्या शिशातून औष्णिक (खोलीच्या तापमानाइतक्या ऊर्जेच्या, मंद) न्यूट्रॉनांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरळ पार होतात. तेवढ्याच जाडीच्या पाण्यातून मात्र जेमतेम दोन-तीन टक्के सरळ बाहेर पडतात.

म्हणूनच धातूच्या कवचाआड दडलेले पाणी, तेल, डिंक, प्लास्टिक किंवा स्फोटक पदार्थ पाहायचे असतील तर न्यूट्रॉनला पर्याय नाही. चालू असलेल्या इंधन घटात पाणी कुठे साचते, बॅटरीतले लिथियम चार्ज होताना कसे सरकते, झाडाचे मूळ मातीतून पाणी कुठून ओढते, अणुइंधनाच्या झिर्कोनियमच्या नळीत हायड्रोजन कुठे शिरला, असे प्रश्न या तंत्राने सोडवले जातात. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत बौद्ध ब्राँझमूर्ती न उघडता त्यांच्या पोटात भरलेल्या वस्तूही याच पद्धतीने पाहिल्या गेल्या आहेत.

न्यूट्रॉन काचेत ‘दिसतो’ कसा?

तो स्वतः दिसत नाही. तो गिळला जातो आणि त्यातून जे भारित कण सुटतात, ते दिसतात.

काचेत लिथियम-६ हे समस्थानिक भरपूर प्रमाणात मिसळलेले असते. त्याच्या अणुकेंद्राने न्यूट्रॉन पकडला की ते फुटते आणि ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते. ती दोन कणांत वाटली जाते : ट्रायटनला (हायड्रोजन-३ च्या अणुकेंद्राला) २.७३ आणि अल्फा कणाला २.०५. दोघे एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना धावतात आणि वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातात. ही विखुरलेली ऊर्जा काचेतून सरकत सिरियमच्या आयनांपर्यंत पोचते आणि सिरियम ती निळसर-जांभळ्या प्रकाशाच्या रूपाने सोडून देतो. त्याची तरंगलांबी साधारण ३९५ नॅनोमीटर असते. जीएस२० या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काचेत एका न्यूट्रॉनमागे सुमारे ६,००० फोटॉन मिळतात आणि काही दशक नॅनोसेकंदांत सगळा खेळ आटोपतो.

ही काच नवीन शोध आहे का?

नाही. सिरियम मिसळलेल्या लिथियम काचा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहेत. न्यूट्रॉनची चित्रे तर त्याहून जुनी. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान आणि अर्न्स्ट कून यांनी न्यूट्रॉनने छायाचित्रे घेतली. कालमान ज्यू वंशाचे असल्याने नाझी राजवटीत १९३३ मध्येच त्यांची कैसर विल्हेल्म संस्थेतली नोकरी गेली होती. युद्धानंतर सेंद्रिय सिंटिलेटरांचा पाया घालणाऱ्यांतही तेच अग्रभागी होते. आपण आज ज्या दोन गोष्टी एकत्र आणू पाहतो त्या दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेल्या, हे या विषयात काम करणाऱ्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

पुढे लिथियम काच मुख्यतः न्यूट्रॉन मोजण्यासाठी आणि स्फटिकांच्या अभ्यासासाठी वापरली गेली. अमेरिकेतल्या ऑक रिज प्रयोगशाळेतल्या ‘टोपाझ’ या उपकरणात आजही अशा काचेमागे प्रकाशसंवेदक लावलेले कॅमेरे आहेत. त्यांना साधारण मिलिमीटरभर बारकावा पुरतो. २००८-०९ च्या सुमारास हीलियम-३ वायूची जगभर टंचाई झाली, त्याची किंमत भडकली आणि त्यावर चालणाऱ्या डिटेक्टरांना पर्याय शोधताना लिथियम काचेकडे पुन्हा जोरात लक्ष गेले. काही मायक्रोमीटरांचे तपशील टिपणारी काच ही त्यापुढची आणि बरीच अवघड पायरी आहे.

लिथियमच का? बोरॉन किंवा गॅडोलिनियम न्यूट्रॉन जास्त चांगले पकडतात ना?

पकडतात, आणि बऱ्याच फरकाने. औष्णिक न्यूट्रॉनसाठी लिथियम-६ चा शोषण-काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचे माप, ९४० बार्न (हे त्याचे एकक) आहे, बोरॉन-१० चा सुमारे ३,८४० आणि गॅडोलिनियम-१५७ चा तब्बल अडीच लाख बार्न. नुसत्या पकडण्यावर निकाल लागला असता तर लिथियमचा विचारही झाला नसता.

पण पकडल्यानंतर किती प्रकाश मिळतो, हे तितकेच महत्त्वाचे. बोरॉनच्या अभिक्रियेतून भारित कणांच्या वाट्याला साधारण २.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. शिवाय ते कण जड आणि मंद असल्याने अगदी थोड्या अंतरात ऊर्जा ओततात, आणि तशा दाटीत सिंटिलेटरची ऊर्जा बरीचशी उष्णतेत वाया जाते. गॅडोलिनियमची जवळपास सगळी ऊर्जा गॅमा किरणांत निघून जाते. हाती लागतात ते काही दशक ते दीड-दोनशे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन, म्हणजे फारच कमी प्रकाश.

लिथियम न्यूट्रॉन कमी पकडते, पण पकडलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनचा पुरावा ठळक देते. एकेक न्यूट्रॉन वेगळा ओळखायचा असेल तर लिथियमच निवडावे, हे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. न्यूट्रॉन न मोजता नुसता प्रकाश साठवून चित्र घ्यायचे असेल, तर पातळ गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचा पडदा आजही बाजी मारतो. पॉल शेरर संस्थेतल्या ‘न्यूट्रॉन मायक्रोस्कोप’ने गॅडोलिनियम-१५७ ने समृद्ध केलेल्या अशा पडद्यावर ५ मायक्रोमीटरच्या खाली मजल मारली आहे.

झिंक सल्फाइडचे पडदे वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांचे काय बिघडले?

काहीच नाही. लिथियम फ्लोराइड आणि चांदी मिसळलेले झिंक सल्फाइड यांच्या पडद्यातून एका न्यूट्रॉनमागे सुमारे १,६०,००० फोटॉन निघतात. काचेच्या जवळपास पंचवीस पट! ५० ते १०० मायक्रोमीटरचा बारकावा पुरत असेल तर तेच वापरा, स्वस्तही पडतात.

अडचण त्याहून खाली उतरताना येते. हा पडदा म्हणजे बाइंडरमध्ये, म्हणजे चिकट माध्यमात, बसवलेली भुकटी. ती अपारदर्शक असते, त्यामुळे प्रकाश कणाकणांवर आपटत बाहेर येतो आणि ठिपका पसरतो. पडदा पातळ केला तर न्यूट्रॉन निसटतात. प्रत्येक न्यूट्रॉनमागे प्रकाशही सारखा नसतो, कारण ट्रायटन भुकटीतल्या कोणत्या कणातून किती गेला हे नशिबावर असते. शिवाय झिंक सल्फाइड चमकल्यानंतर बराच वेळ, कित्येक मायक्रोसेकंद, मंद उजळत राहते. न्यूट्रॉन वेगाने येऊ लागले की एकाची शेपटी दुसऱ्यात मिसळते. काच पारदर्शक, एकजिनसी आणि झटपट विझणारी आहे, ही तिची खरी ताकद.

काच बनते कशी? घरच्या काचेपेक्षा वेगळे काय असते?

जीएस२० च्या घडणीचा प्रकाशित आकडा असा : वाळूचा अंश म्हणजे सिलिका ५६ टक्के, अ‍ॅल्युमिना १८, लिथियम ऑक्साइड १८, मॅग्नेशिया ४ आणि सिरियम ऑक्साइड ४ टक्के. त्यातले लिथियम साधारण ९५ टक्क्यांपर्यंत लिथियम-६ ने समृद्ध केलेले असते. निसर्गातल्या लिथियममध्ये लिथियम-६ जेमतेम साडेसात टक्के असते, बाकी सगळे न्यूट्रॉनच्या दृष्टीने निरुपयोगी लिथियम-७.

भट्टीत खरी लढाई असते ती सिरियमची. सिरियमचा तीन भारांचा आयन चमकतो आणि चार भारांचा आयन तो प्रकाश गिळतो. उघड्या हवेत वितळवले तर ऑक्सिजनमुळे सिरियम चार भारांकडे झुकतो, काच पिवळट होते आणि प्रकाश आतच मरतो. म्हणून वितळ ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वातावरणात करावा लागतो. त्यासाठी हायड्रोजन मिसळलेला आर्गॉन, कार्बन मोनॉक्साइड किंवा मिश्रणात थोडा कार्बन वापरतात. इथे मुशीचा प्रश्न उभा राहतो. प्लॅटिनमची मूस साध्या वितळीला उत्तम, पण अशा वातावरणात तीच मूस खराब होण्याचा धोका असतो. अ‍ॅल्युमिनाची मूस काचेत विरघळते आणि घटकांचे प्रमाण बदलते.

दुसरी अडचण लिथियमची. ते जितके जास्त घालाल तितके न्यूट्रॉन जास्त पकडले जातात, पण काचेची स्फटिक होण्याची ओढही वाढते. थंड होताना वेग चुकला की आत दुधी ढग दिसू लागतात आणि सगळा घाणा काचेच्या कचऱ्यात जातो. फार झपाट्याने थंड केले तर आत ताण राहतात आणि कापताना, घासताना तुकडा तडकतो. म्हणून ओतल्यानंतर काचेला तिच्या मऊ पडण्याच्या तापमानाच्या जरा खाली धरून, मग सावकाश उतरवावे लागते. या टप्प्यावर घाई करणारा माणूस काच बनवणारा नव्हे, एवढे ठामपणे सांगतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. कच्च्या मालात थोरियम आणि युरेनियमचे अंश असतील, आणि सिरियमच्या खनिजांत थोरियम असतेच, तर त्यांचे अल्फा कण काचेत न्यूट्रॉनसारखेच चमकतात. न्यूट्रॉन बंद असतानाही डिटेक्टर मोजत राहतो. मंद झोतात तासन्‌तास मोजायचे असेल तर शुद्ध कच्च्या मालावर पैसे खर्च करण्याला इलाज नाही.

चित्राचा बारकावा नेमका कुठे अडतो?

चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय दुसऱ्या कुठेतरी बोचतो.

पहिली जागा काचेच्या बाहेरची आहे. न्यूट्रॉनांचा झोत थोडा पसरत येतो. झोताच्या तोंडाचा व्यास आणि तिथपासून डिटेक्टरपर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर १ : ५०० असेल आणि वस्तू काचेपासून एक सेंटीमीटर दूर असेल, तर या पसरण्यानेच २० मायक्रोमीटरचा धूसरपणा येतो. तीच वस्तू मिलिमीटरवर आणली तर तो २ मायक्रोमीटरवर उतरतो. काच कितीही चांगली असो, नमुना तिला जवळजवळ टेकवल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी जागा कणांची धाव. ट्रायटन काचेत सुमारे ३५ ते ४० मायक्रोमीटर जातो, अल्फा कण पाच-सात. म्हणजे न्यूट्रॉन एका बिंदूत पकडला गेला तरी प्रकाश चाळीस-पंचेचाळीस मायक्रोमीटरच्या रेषेवर सांडतो. हे निसर्गाचे बंधन आहे, भट्टीत काहीही केले तरी फारसे हलत नाही.

तिसरी जागा जाडी आणि भिंग यांच्यातली ओढाताण. पारदर्शक काचेत न्यूट्रॉन वरच्या थरात पकडला जातो तसा तळाशीही. कॅमेऱ्याचे भिंग मात्र ठरावीक खोलीपुरतेच स्पष्ट पाहते. न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचे माप) ०.५ असलेल्या भिंगाला काचेत साधारण अडीच मायक्रोमीटर खोलीच स्पष्ट दिसते. ०.२५ घेतले तर दहा. त्याबाहेरच्या चमका धूसर डागांसारख्या चित्रात मिसळतात. भुकटीच्या पडद्यात निदान ही अडचण वेगळ्या रूपात असते. इथे पारदर्शकताच अंगावर येते.

चौथी जागा फोटॉनांची संख्या, आणि माझ्या मते याच जागी सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काचेचा अपवर्तनांक १.५५. त्यामुळे तिरपा जाणारा प्रकाश पूर्ण परावर्तनाने आतच कोंडला जातो आणि एका पृष्ठभागातून जेमतेम १२ टक्के बाहेर पडतो. त्यातलाही भिंगाच्या तोंडात येतो तो फारच थोडा. ०.२५ अ‍ॅपर्चरच्या भिंगासाठी हिशेब केला तर ६,००० पैकी सुमारे ४० फोटॉन भिंगात शिरतात. संवेदक त्यातल्या चौथ्या हिश्श्याला प्रतिसाद देत असेल तर उरतात दहा. दहा फोटॉनांवरून एका न्यूट्रॉनची जागा ठरवायची! काच दीडपट उजळ केली तर शोधनिबंध होतो, पण भिंग बदलून अ‍ॅपर्चर दुप्पट केले तर प्रकाश चौपट मिळतो. त्याची किंमत स्पष्ट दिसणाऱ्या खोलीत मोजावी लागते, आणि ती मोजायची की नाही हे काचेची जाडी ठरवते. त्यामुळे काच आणि भिंग वेगवेगळ्या टेबलांवर ठरवू नयेत.

मग काच पातळ केली की प्रश्न मिटला?

थोडा मिटतो, थोडा वाढतो. जीएस२० ची एक मिलिमीटर काच औष्णिक न्यूट्रॉनांपैकी साधारण तीन-चतुर्थांश पकडते. ती १०० मायक्रोमीटरवर आणली की पकड १४ टक्क्यांवर येते आणि ५० मायक्रोमीटरवर सात टक्क्यांवर. बाकीचे न्यूट्रॉन काचेला न शिवता निघून जातात. ज्या न्यूट्रॉनांसाठी अणुभट्टी चालवली, त्यांतले नव्वद टक्के असे वाया जाताना पाहणे जिवावर येते.

थंड, म्हणजे औष्णिकांहूनही मंद, न्यूट्रॉन वापरले तर दिलासा मिळतो. न्यूट्रॉन जितका मंद तितका तो लिथियमजवळ जास्त वेळ रेंगाळतो आणि पकड त्याच्या तरंगलांबीच्या प्रमाणात वाढते. १.८ अँगस्ट्रॉमऐवजी ५ अँगस्ट्रॉमचे न्यूट्रॉन घेतले तर तीच १०० मायक्रोमीटरची काच सुमारे एक-तृतीयांश पकडते. सूक्ष्म चित्रणाची बहुतेक नावाजलेली केंद्रे थंड झोतावर आहेत त्याचे हेही एक कारण.

इतकी पातळ काच एकटी उभी राहत नाही. ती आधाराच्या काचेवर चिकटवून मगच घासून, पॉलिश करून उतरवावी लागते. चिकटवण्याच्या थराचा अपवर्तनांक जुळला नाही तर तिथेही प्रकाश अडतो.

ट्रायटनच्या धावेपेक्षा बारीक दिसणे शक्य आहे का?

आहे, पण त्यासाठी चित्र घेण्याची रीतच बदलावी लागते. नेहमीच्या पद्धतीत कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवून प्रकाश साठवत जातात. घटना-मोजणीच्या पद्धतीत प्रत्येक न्यूट्रॉनची चमक वेगळी नोंदवतात, त्या ठिपक्याचा मध्य काढतात आणि चित्रात ठिपक्याऐवजी तो मध्यबिंदू टाकतात. ठिपका रुंद असला तरी त्याचा मध्य बराच अचूक काढता येतो. फोटॉनांची संख्या चौपट झाली की ही अचूकता दुप्पट होते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेतल्या गटाने २०१७ मध्ये गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडच्या पडद्यावर याच युक्तीने २ मायक्रोमीटर गाठले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात जर्मनीतल्या गार्खिंगच्या अणुभट्टीवर टाइमपिक्स-३ चिपच्या कॅमेऱ्याने सिंटिलेटरच्या चमका फोटॉन-फोटॉन मोजून न्यूट्रॉन ओळखण्याची पद्धत दाखवली गेली.

काचेत मात्र एक जास्तीची गाठ आहे. ट्रायटन लांब जातो आणि अल्फा जवळच थांबतो, त्यामुळे प्रकाशाचा मध्य हा न्यूट्रॉन पकडला गेल्याचा बिंदू नसतो. तो ट्रायटनच्या बाजूला दहाएक मायक्रोमीटर सरकलेला असतो, आणि ट्रायटन कोणत्या दिशेला गेला हे प्रत्येक वेळी वेगळे. नुसता मध्य काढून काच दोन-तीन मायक्रोमीटरवर येणार नाही. त्याखाली जायचे तर ठिपक्याचा आकार वाचायला हवा : रेषा कोणत्या दिशेने आहे, तिचे आखूड टोक कोणते. त्यासाठी दहा फोटॉन पुरणार नाहीत, शेकड्याने लागतील. या विषयातला सर्वांत रसाळ न सुटलेला प्रश्न मला हाच वाटतो, आणि तो भट्टी, भिंग व गणित या तिन्ही बाजूंनी एकदम भिडल्याशिवाय सुटणार नाही.

काचेचे तंतू वापरण्याची कल्पना काय आहे?

सपाट तुकड्याऐवजी लिथियम काचेचे हजारो बारीक तंतू शेजारी-शेजारी उभे वितळवून जोडायचे, प्रत्येकाभोवती कमी अपवर्तनांकाच्या काचेचे आवरण द्यायचे. न्यूट्रॉन कोणत्याही खोलीवर पकडला गेला तरी प्रकाश त्याच तंतूतून खाली येतो. जाडी आणि स्पष्ट खोली यांचे भांडण संपते आणि मिलिमीटरभर जाड काचेतूनही बारीक चित्राची आशा निर्माण होते. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने १९९० च्या दशकातच लिथियम काचेचे तंतू ओढून दाखवले होते, तेव्हा उद्देश न्यूट्रॉन मोजण्याचा होता. अलीकडे टेनेसी विद्यापीठाच्या गटाने अनेक गाभ्यांच्या तंतूंनी चित्रणाचा प्रयत्न केला आहे.

अडचणीही तशाच. गाभा आणि आवरण एकाच तापमानाला मऊ पडायला हवेत आणि थंड होताना सारखेच आकसायला हवेत, नाहीतर गठ्ठा तडकतो. ओढण्यासाठी काच पुन्हा तापवली की ती स्फटिक होऊ पाहते. आवरणात लिथियम नसेल तर तेवढी जागा आंधळी राहते. आणि तंतू ट्रायटनच्या धावेपेक्षा बारीक झाले की ट्रायटन तीन-चार तंतू ओलांडतो, म्हणजे पुन्हा मध्य काढणे आलेच. तरीही ही वाट सोडू नये. जाड काचेची पकड आणि पातळ काचेचा बारकावा एकत्र देण्याची क्षमता मला तिच्यातच दिसते.

अणुभट्टीजवळ गॅमा किरण भरपूर असतात. काच त्यांनीही चमकत नाही का?

चमकते, पण कमी. न्यूट्रॉनची चमक साधारण १.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाच्या चमकेएवढी असते. काचेत जड मूलद्रव्ये फारशी नसल्याने गॅमा किरण तिच्यात कमी अडतात, आणि काच पातळ असेल तर अडलेल्या किरणाने उडवलेला इलेक्ट्रॉनही सगळी ऊर्जा सोडण्याआधीच बाहेर निसटतो. त्यामुळे ठरावीक उंचीखालच्या चमका गाळल्या की बहुतेक गॅमा निघून जातात. अट एकच : चमका एकेक मोजल्या पाहिजेत. साठवून घेतलेल्या चित्रात हे गाळणे शक्य नाही.

काच झटपट विझते, याचा प्रत्यक्ष फायदा काय?

स्पंदांनी न्यूट्रॉन देणाऱ्या केंद्रांवर, म्हणजे इंग्लंडच्या आयसिसमध्ये, जपानच्या जे-पार्कमध्ये किंवा ऑक रिजमध्ये, न्यूट्रॉन किती वेळात पोचला यावरून त्याची ऊर्जा कळते. औष्णिक न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला २,२०० मीटर असतो, त्यामुळे काही मीटरांच्या प्रवासात वेगवान आणि मंद न्यूट्रॉन मिलिसेकंदांच्या फरकाने वेगळे होतात. प्रत्येक बिंदूवर ऊर्जेप्रमाणे चित्र मिळाले की धातूच्या स्फटिकरचनेच्या खुणा दिसतात आणि वेल्डिंगच्या सांध्यात ताण कुठे आहे हे उमगते. न्यूट्रॉन दाटीने येत असताना दोन चमका वेगळ्या ठेवायला काचेचे नॅनोसेकंद कामी येतात.

कॅमेरा सरळ काचेच्या मागे का बसवत नाहीत?

तिथे तो टिकत नाही. झोतातले न्यूट्रॉन आणि गॅमा किरण संवेदकाला इजा करतात आणि चित्रात पांढरे ठिपके पेरतात. म्हणून काचेमागे ४५ अंशांत आरसा लावून प्रकाश बाजूला वळवतात आणि कॅमेरा शिशाच्या व बोरॉनयुक्त आवरणाआड ठेवतात.

एक चांगले चित्र घ्यायला किती वेळ लागतो?

लोकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ. झोतात दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला एक कोटी न्यूट्रॉन आहेत असे धरू. चित्रातल्या ५ मायक्रोमीटरच्या एका चौकोनावर (पिक्सेलवर) सेकंदाला अडीच न्यूट्रॉन पडतात. काचेची पकड १४ टक्के असेल तर नोंद होते ०.३५ ची. एक टक्का अचूकतेसाठी प्रत्येक चौकोनात १०,००० नोंदी हव्यात. म्हणजे जवळपास आठ तास, आणि तेही एका चित्रासाठी. त्रिमितीय चित्राला अशी शेकडो लागतात. बारकावा दहापट वाढवला तर तेवढीच अचूकता टिकवायला शंभरपट न्यूट्रॉन लागतात. म्हणून पकडीतला प्रत्येक टक्का मोलाचा आहे.

‘५ मायक्रोमीटरचे रिझोल्यूशन’ असा दावा कसा तपासावा?

पहिला प्रश्न विचारा : हा चौकोनाचा आकार आहे की मोजलेला बारकावा? भिंगाने वाढवून चौकोन कितीही लहान करता येतो, चित्र त्याने तीक्ष्ण होत नाही. खरी मोजणी गॅडोलिनियमच्या धारदार कडेवरून किंवा गॅडोलिनियमच्या सिमेन्स ताऱ्यावरून, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या नमुन्यावरून, होते. आरे मध्याकडे अरुंद होत जातात आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक दहा टक्क्यांवर येतो ती जागा हा सर्वसाधारण निकष आहे. नमुना काचेपासून किती दूर होता, तेही विचारावे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे काम कुठे करता येईल?

मुंबईत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती आशियातली पहिली अणुभट्टी. तिथेच १९८५ पासून १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ आहे आणि तिच्यावर न्यूट्रॉन चित्रणाची सोय आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना ध्रुवच्या झोतांपर्यंत नेण्याचे काम यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संकुलाचे मुंबई केंद्र करते. प्राध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि नमुना का पाहायचा आहे हे स्पष्ट लिहिलेल्या प्रस्तावाला वजन असते. दक्षिणेत कल्पाक्कमला ‘कामिनी’ ही अवघ्या ३० किलोवॉटची अणुभट्टी १९९६ पासून आहे. युरेनियम-२३३ वर चालणाऱ्या या छोट्या भट्टीवर आपल्या अंतराळ मोहिमांसाठीच्या स्फोटक उपकरणांची न्यूट्रॉनने तपासणी झाली आहे.

समृद्ध लिथियम-६ मिळत नसेल तर सुरुवात कशी करावी?

ते सहज मिळणार नाही, हे गृहीत धरा. लिथियम-६ पासून ट्रिटियम, म्हणजे अण्वस्त्रांत लागणारा हायड्रोजन-३, तयार होतो, त्यामुळे त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. पण काचेचे बहुतेक धडे त्याच्याशिवाय गिरवता येतात. साध्या लिथियम कार्बोनेटने वितळ करा, रसायनशास्त्र सारखेच असते. सिरियम तीन भारांचा राहिला का, हे अतिनील दिव्याखालची चमक आणि प्रकाश-शोषणाचा आलेख सांगतो. नियमांनुसार प्रयोगशाळेत ठेवलेल्या अल्फा स्रोताने चमकेची उंची मोजता येते आणि न्यूट्रॉनच्या चमकेचा अंदाज बांधता येतो. पातळ करणे, चिकटवणे, पॉलिश, भिंगाची जुळणी हे सगळे याच काचेवर शिका. घडण पक्की झाली, एकाच नोंदीप्रमाणे केलेल्या दोन घाण्यांचा प्रकाश सारखा येऊ लागला, की मगच समृद्ध लिथियमसाठी अर्ज करा.